नाटकातला पाऊस: पहिल्या वाचनापासून पहिल्या प्रयोगापर्यंत

ध्वनीचं काम करणाऱ्याने पहिल्या वाचनाला दोन पेन्सिली घेऊन बसावं. पात्रांना ऐकू येणारे आवाज लाल पेन्सिलीने अधोरेखित करायचे, फक्त प्रेक्षकांना ऐकू येणारे निळ्याने. दाराची कडी, फोन, कुकरची शिट्टी, बाहेरचा पाऊस हे लाल. पार्श्वसंगीत निळं. लाल आवाजाला घरात एक जागा असते, पात्र मान वळवून त्या जागेकडे बघतं. निळ्याला जागा नसते, म्हणून तो सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून आला तरी चालतो. लाल आवाज तिथून आला, तर टेबलावरचा फोन प्रेक्षकांच्या डोक्यावर वाजायला लागतो. हौशी प्रयोगांत हीच चूक सर्वांत जास्त दिसते, आणि ती उपकरणं कमी पडल्यामुळे होत नाही, वाचताना हा फरक न केल्यामुळे होते.

इथे ज्या कामाबद्दल लिहितो आहोत ते नाटक दोन अंकी, एका दिवाणखान्यात घडणारं. १९८६ सालचा जुलै, रत्नागिरीजवळचं कौलारू घर, घरात डॉक्टर, म्हणून त्या काळातही फोन. पहिल्या वाचनानंतर यादीत ९१ आवाज होते, पहिल्या प्रयोगाला ५८ उरले. गळालेले बहुतेक आवाज संवादात आधीच सांगितलेले होते. ‘गाडी आली वाटतं’ असं वाक्य असताना गाडीचा आवाज लागतोच असं नाही. नट कान टवकारून थांबला की प्रेक्षक गाडी स्वतःच ऐकतात. कुत्र्याचं भुंकणं तर दिग्दर्शकाने सांगितलं तरी दोनदा विचार करून घालावं. ते हमखास हशा घेतं, नको तिथेसुद्धा.

यादीतून क्यू-शीट तयार होतं. क्यू म्हणजे ठरल्या क्षणी सोडायचा एकेक आवाज, आणि शीट म्हणजे त्यांचा तक्ता. आमच्या शीटला आठ रकाने असतात: क्रमांक, संहितेचं पान, ज्यावर आवाज सोडायचा तो शब्द किंवा हालचाल, आवाज कोणता, कुठल्या स्पीकरमधून, किती पातळीला, सुरू कसा होणार, बंद कसा होणार. शेवटचा रकाना लोक रिकामा ठेवतात आणि तिथेच फसतात. पाऊस सुरू झाल्याचं सगळ्यांच्या लक्षात असतं. तो कधी थांबला याची कुठेच नोंद नसते, आणि दुसऱ्या अंकात ‘कसं लख्ख ऊन पडलंय’ म्हणताना मागे सर चालूच असते.

आता पाऊस. नाटकात पाऊस लावणाऱ्या प्रत्येकाला तालमीत कुणीतरी एकदा विचारतंच, ‘वडे कोण तळतंय?’ त्याचं कारण सरळ आहे. पावसाच्या आवाजात खर्जापासून अगदी वरच्या टिपेपर्यंत सगळे स्वर जवळजवळ एकदम असतात. तापलेल्या तेलाचा आवाज आणि जुन्या रेडिओची खरखरही तशीच. आपला कान पाऊस ओळखतो तो थेंब कशावर पडतो यावरून. कौलावर दबका, पत्र्यावर ताशासारखा, केळीच्या पानावर टपटप, साचलेल्या पाण्यात गोलसर. उघड्या मैदानात माईक धरून आणलेल्या पावसात यातलं काहीच नसतं, उरते ती खरखर. त्यात छोटे स्पीकर २ ते ५ किलोहर्ट्झचा पट्टा पुढे काढतात आणि वडा पूर्ण तळून होतो.

म्हणून पाऊस तीन थरांत बांधला. तळाला लांबचा संथ पाऊस, अगदी दबका. मधे कौलांवरचा. आणि वर, सगळ्यांत थोडा पण सगळ्यांत महत्त्वाचा, पागोळ्यांचा. वळचणीखालून एकेक धार जमिनीवर आणि पितळी घंगाळात पडते, तो आवाज आला की घर दिसायला लागतं. रेकॉर्डिंग हातात धरायच्या साध्या रेकॉर्डरवर, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या दर्जाचं, सर्वांत मोठा आवाज रेकॉर्डरच्या कमाल पातळीच्या साधारण १२ डेसिबल खाली राहील असं. रेकॉर्डर छत्रीखाली धरू नये. छत्रीवर पडणारे थेंबच त्यात येतात. ओसरीत, भिंतीपासून हातभर पुढे, स्टँडवर, वाऱ्याचा आवाज अडवणारी फर चढवून ठेवायचा. पागोळीसाठी घंगाळापासून साधारण मीटरभर, कारण त्याहून जवळ गेलं की एकेक थेंब टाळीसारखा फुटतो. वेळ रात्री दोननंतरची, वाहनं आणि टीव्ही बंद झाल्यावर. फ्रिज बंद केला असेल तर त्याच्या दारावर स्वतःच्या गाडीची किल्ली लटकवावी, म्हणजे निघताना तो परत चालू करायचं राहत नाही.

प्रत्येक थर किमान साडेतीन मिनिटांचा घेतला. अंकात पाऊस अकरा मिनिटं चालतो, म्हणजे तो फिरवून लावावा लागतो. तीस सेकंदांचा तुकडा फिरवला तर त्यातला एखादा वेगळा थेंब किंवा बेडूक दर अर्ध्या मिनिटाने परत येतो, आणि तिसऱ्या वेळी प्रेक्षकाचा कान तो पकडतोच. शिवाय तिन्ही थरांची लांबी मुद्दाम वेगवेगळी ठेवली: ३ मिनिटं ४० सेकंद, ४ मिनिटं १० सेकंद, ५ मिनिटं. त्यामुळे तेच तीन आवाज पुन्हा एकत्र जुळून येत नाहीत. सांधा ४ सेकंदांच्या क्रॉसफेडने, म्हणजे एक टोक विरत असताना दुसरं चढवून, मिटवला. या फायली वेव्हमध्येच ठेवाव्या. एमपी-थ्री करताना फाईलच्या सुरुवातीला आणि शेवटी किंचित शांतता आपोआप जोडली जाते आणि फिरवताना दर वेळी पाऊस उचकी लागल्यासारखा अडखळतो.

आवाजांच्या तयार संग्रहांवर आम्ही विसंबत नाही, कारण त्यात ऋतू आणि देश दोन्ही चुकतात. कोकीळ मार्चपासून पावसाच्या सुरुवातीपर्यंत गळा काढते; दिवाळीच्या पहाटेच्या प्रवेशाला ती लावली की गावाकडचा प्रेक्षक अस्वस्थ होतो, का ते त्याला सांगता येत नसलं तरी. मृगाच्या आधीचा प्रवेश असेल तर पावशा. रातकिड्यांची बहुतेक तयार रेकॉर्डिंग परदेशी असतात आणि ती तशीच ऐकू येतात.

फोनची गंमत तर याहून मोठी. आपल्याकडच्या लँडलाइनची घंटी जोडीने वाजते: ०.४ सेकंद वाजते, ०.२ थांबते, पुन्हा ०.४ वाजते आणि मग २ सेकंद शांत. तयार मिळणारी जुन्या फोनची घंटी अनेकदा अमेरिकन असते, २ सेकंद सलग वाजणारी आणि मग ४ सेकंद थांबणारी. चाळिशीच्या पुढच्या प्रेक्षकाच्या कानात आपली ‘ट्रिंग-ट्रिंग’ पक्की बसलेली आहे. नटाच्या दृष्टीनेही फरक पडतो. २ सेकंदांच्या शांततेत त्याला एक लहान वाक्य बोलता येतं, ४ सेकंदांत त्याची लय सैल पडते. आम्ही खऱ्या फोनच्या घंटीचा एक ठोका घेऊन हा ठेका संगणकावर मोजून लावला. खरा फोनच वाजवावा अशी कल्पना कुणीतरी काढतंच, पण त्याच्या घंटीला ७५ व्होल्टच्या आसपासचा, २०-२५ हर्ट्झचा विद्युतप्रवाह लागतो आणि तो नटाच्या हाताशी नेण्यात काही शहाणपण नाही. फोनच्या टेबलामागे पाच इंची छोटा स्पीकर लपवला की काम भागतं.

दाराची कडी मात्र खरीच. लाकडी फळीवर जुनी कडी-कोयंडा ठोकून ती फळी विंगेत दाराच्या चौकटीला टेकवून ठेवली आणि आत येणारा नटच ती वाजवतो. कितीही चांगलं रेकॉर्डिंग केलं तरी ते दर प्रयोगाला तितक्याच जोरात वाजणार. रागावून आलेला माणूस आणि चोरपावलांनी आलेला माणूस यांची कडी वेगळी वाजते, ती नटाच्या हातात राहू द्यावी.

हे सगळं चालवायला लॅपटॉप. क्यूलॅब हा प्रोग्रॅम फक्त मॅकवर चालतो आणि परवाना न घेता त्यात दोन आऊटपुट मिळतात. दोन म्हणजे डावं-उजवं असं न मानता आम्ही डाव्या वाहिनीवर सभागृह आणि उजवीवर फोनमागचा स्पीकर दिला. पाऊस आणि संगीत त्यामुळे मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं, होतं. होऊ द्यावं. कडेच्या खुर्चीवर बसलेल्याला तसाही एकाच बाजूचा स्पीकर ऐकू येतो. स्वयंपाकघराच्या बाजूने कुकरची शिट्टी हवी म्हणून पुढे चार आऊटपुटचं साऊंड कार्ड आणि परवाना घेतला, आणि तिसरा स्पीकर विंगेत मागच्या भिंतीकडे तोंड करून ठेवला. प्रेक्षकांकडे तोंड केलं की कुकर दिवाणखान्यात येतो.

पूर्वी हेच काम स्पूलच्या टेपवर होत असे. दोन आवाजांच्या मधे आवाज नसलेली पांढरी लीडर टेप जोडायची, पांढरी पट्टी दिसली की थांबायचं आणि पुढच्या आवाजाच्या तोंडाशी टेप आणून ठेवायची. तेव्हाच्या ऑपरेटरला आजच्यासारखा एका बोटाने मागे-पुढे जायचा मार्ग नव्हता, पण त्याची एक सवय अजून कामाची आहे: एक क्यू सोडला की लगेच पुढच्याचं नाव मोठ्याने वाचणे.

तिसऱ्या आठवड्यापासून तालमीत आवाज लागलेच पाहिजेत, नाहीतर नटांचे विराम चुकीच्या लांबीचे बसतात. इथे एक सूचना ठळकपणे: तालमीच्या खोलीत ब्लूटूथ स्पीकर वापरू नका. त्यात आवाज दीड-दोन दशांश सेकंद उशिरा येतो. रिसीव्हर उचलल्यावरही घंटी क्षणभर वाजत राहते, नट तेवढं थांबायला शिकतो, आणि रंगमंचावर वायरच्या स्पीकरवर ती वेळेत थांबली की त्याचा तो थांबलेला क्षण उघडा पडतो. आठशे रुपयांची वायर या सगळ्यातून सोडवते.

सर्वांत जास्त तालमी खिडकीने खाल्ल्या. पहिल्या अंकात बाई खिडकी उघडते आणि पाऊस आत येतो. त्यासाठी एकाच पावसाचे दोन ट्रॅक सोबत चालवायचे: एक खिडकी बंद असतानाचा, १२०० हर्ट्झच्या वरचे स्वर कापलेला आणि पातळीने ८ डेसिबल खाली, दुसरा पूर्ण उघडा, पागोळ्यांसकट, पण मूक. खिडकीचं दार सुटलं की ०.३ सेकंदात पहिल्यावरून दुसऱ्यावर. फेड १ सेकंदाचा ठेवला तेव्हा पाऊस खिडकीशी संबंध नसल्यासारखा आपला आपण वाढला. ०.१ ला बटन दाबल्यासारखा वाटला. ०.३ चा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, त्या नटीच्या मनगटाच्या वेगाचा आहे. दुसरी नटी आली तर तो बदलेल. आणि हे वाक्यावर सोडता येत नाही, हातावर सोडावं लागतं, म्हणून ऑपरेटरला खिडकी दिसली पाहिजे. नेपथ्यकाराशी हे पहिल्याच आठवड्यात बोलून घेतलं नाही, तर खिडकी हमखास अशा कोनात बसते की नियंत्रण कक्षातून तिचा पडदाच दिसतो.

संवादाखालच्या पावसाचं माप काय? आमची पट्टी एकच: बाराव्या रांगेत बसून माईकविना बोलणाऱ्या सर्वांत हळू नटाचं वाक्य ऐकायचं आणि पाऊस त्याच्या निदान १५ डेसिबल खाली ठेवायचा. मोबाईलवरचं मोजणीचं ॲप अचूक नसतं, पण दोन आवाजांतला फरक सांगण्याइतकं बरं असतं. तरीही शब्द बुडत असतील तर पूर्ण पाऊस खाली आणू नये. २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा ५ डेसिबलने कापावा. त, ट, च या व्यंजनांची धार तिथे असते. पट्टा कापला की पाऊस भरलेला राहतो आणि व्यंजनं वर येतात. सिनेमात हा हिशोब मिक्सिंगच्या खोलीत एकदाच होतो, संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतो आणि पुढे प्रत्येक खेळाला तोच समतोल राहतो. नाटकात नटाचा घसा आज कसा आहे इथपासून सगळं रोज नव्याने.

प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृह ताब्यात येतं ते आधीचा प्रयोग संपल्यावर. नेपथ्य लागतं, प्रकाशयोजना लागते, आणि ध्वनीच्या वाट्याला चाळीसेक मिनिटं येतात. त्यात क्रम चुकवायचा नाही.

आधी वीज. सगळी ध्वनीची उपकरणं एकाच बोर्डवरून, आणि तो बोर्ड दिवे मंद-प्रखर करणाऱ्या डिमरपासून वेगळ्या फेजवर. आमच्या एका दौऱ्यात एका नाट्यगृहात सगळं जोडल्यावर ५० हर्ट्झची घरघर सुरू झाली. लॅपटॉपचा चार्जर काढला की बंद. याचा अर्थ अर्थिंग दोन वाटांनी जोडलं जाऊन त्याचं वर्तुळ झालंय. तिथल्या माणसाने पक्कड आणून प्लगची तिसरी पिन काढायची तयारी केली. हे कधीही करू देऊ नये. त्या पिनवर नटाचा जीव असतो. लॅपटॉप आणि मिक्सरच्या मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (तारांचा थेट जोड न ठेवता आवाज पुढे नेणारी छोटी पेटी) घातला की वर्तुळ तुटतं. आमच्या पेटीत दोन कायम असतात. दुसरी घरघर डिमरची. ती दिवे पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद असताना गप्प असते आणि ५० टक्क्यांवर सर्वांत जोरात गुणगुणते. म्हणून प्रकाशयोजनाकाराला एकदा सगळे दिवे अर्ध्यावर आणायला सांगून ऐकायचं. प्रयोगात कळलं तर ते नेमकं करुण प्रवेशात कळतं.

मग माईक. पुढच्या कडेला रंगमंचावर ठेवायचे ‘फूट माईक’ तीन, वरून टांगलेले ‘हँगिंग’ दोन किंवा चार. जेवढे जास्त तेवढं चांगलं, हा समज सोडून द्यावा. उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की माईकची शिट्टी (स्पीकरचा आवाज माईकमध्ये परत शिरला की होते ती) येण्याआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलने घटतो; एकाऐवजी चार उघडले तर ६ डेसिबल गेले. त्यामुळे नट जिथे उभा आहे तिथलाच माईक उघडा, बाकीचे खाली. लेव्हलवर, म्हणजे लाकडी चौथऱ्यावर, चालणाऱ्या नटांच्या टाचा फूट माईकमध्ये ढोलासारख्या वाजतात, त्यासाठी १२० हर्ट्झच्या खालचं सगळं कापायचं आणि माईकखाली बोटभर जाड स्पंज. शिट्टी शोधायला प्रत्येक माईक हळूहळू वाढवायचा, पहिला स्वर रेंगाळला की त्याची वारंवारता इक्वलायझरवर (स्वरांचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करणारं यंत्र) बारीक कापायची, दुसरा रेंगाळला की तोही, आणि मग तिथून ६ डेसिबल खाली येऊन थांबायचं. चारपेक्षा जास्त स्वर कापावे लागले तर इक्वलायझरला त्रास देण्यापेक्षा स्पीकर फूटभर पुढे सरकवावा. कॉलर माईकचा मार्ग आहे, पण घामाने तो दुसऱ्या अंकात मिटतो, आणि दोन पात्रं मिठीत आली की एकाचा आवाज दोन्ही माईकमध्ये जाऊन पोकळ होतो. अशा वेळी एक माईक खाली घ्यायचा, हेही शीटवर लिहून ठेवलेलं असावं.

मागच्या रांगांसाठी, बाल्कनीखाली, वेगळे स्पीकर असतील तर त्यांना उशीर द्यावा लागतो, म्हणजे त्यांचा आवाज मुद्दाम किंचित उशिरा सोडावा लागतो. आवाजाला मीटरभर जायला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात. मागचा स्पीकर मुख्य स्पीकरपासून १७ मीटरांवर असेल, तर ४९ मिलिसेकंद, त्यात आणखी १०-१२ मिळवायचे. त्या जास्तीच्या मिलिसेकंदांमुळे कानाला आवाज रंगमंचावरूनच आल्यासारखा वाटतो, वाढलेला मात्र वाटतो. उशीर न देता वाढवलेल्या स्पीकरखाली बसणाऱ्याला नट दोनदा बोलतो.

रिकाम्या सभागृहात ठरवलेल्या पातळ्या भरलेल्या सभागृहात कमी पडतात. माणसं आणि त्यांचे कपडे वरचे स्वर शोषतात, आणि कुजबुज, वातानुकूलन, वेफर्सची पाकिटं यांचा स्वतःचा एक थर तयार होतो. म्हणून संगीताच्या सगळ्या क्यूंवर ३ डेसिबल राखून ठेवतो. मध्यंतरानंतरची पहिली पाच मिनिटं तर वेगळीच, अर्धा प्रेक्षक तोंडातला बटाटेवडा संपवत असतो. दुसऱ्या अंकाचं सुरुवातीचं संगीत त्यामुळे पहिल्यापेक्षा १० सेकंद लांब ठेवलंय.

काचेच्या कक्षात बसून ऑपरेट करताना काच सरकवूनच बसायचं. न सरकणारी असेल तर शेवटच्या रांगेत टेबल मागायचं. कक्षातल्या छोट्या मॉनिटर स्पीकरवर पाऊस नेहमी सुंदरच लागतो.

पहिल्या घंटेला लॅपटॉप विमान मोडवर, नोटिफिकेशन बंद, झोपी जाण्याची वेळ ‘कधीच नाही’, चार्जर लावलेला. दुसऱ्या घंटेला त्याच क्रमांकांच्या फायली असलेला दुसरा लॅपटॉप मिक्सरच्या वेगळ्या वाहिनीवर, क्यू क्रमांक १ वर उभा. तिसरी घंटा, मोबाईल बंद ठेवायची सूचना, आणि मग पाऊस. प्रत्येक क्यू नटाच्या शब्दावर नव्हे, त्या आधीच्या श्वासावर सोडायचा. शब्द ऐकून बोट दाबेपर्यंत दोन-तीन दशांश सेकंद गेलेले असतात. हशा आला तर फोन थांबतो. हशाच्या शिखरावर घंटी वाया जाते, उतरणीवर टाकली की हशा तीच कापते. नटाने दोन पानं गाळली तर पुढच्या क्यूचा क्रमांक शोधत बसायचं नाही, पान शोधायचं. त्यासाठीच शीटवर दुसरा रकाना पानाचा आहे.

पहिल्या प्रयोगात ५८ पैकी दोन क्यू चुकले. कुकरची दुसरी शिट्टी आलीच नाही, कारण विंगेतल्या कुणीतरी त्या स्पीकरचा प्लग काढून इस्त्री लावली होती. आता त्या प्लगवर लाल चिकटपट्टी आहे आणि इस्त्रीसाठी वेगळा बोर्ड. दुसरी चूक शेवटच्या पावसाची. तिन्ही थर सोबतच ४ सेकंदांत विरत होते आणि ते नळ बंद केल्यासारखं वाटलं. त्या रात्री शीटवर आधीचा आकडा खोडून लिहिलं: लांबचा पाऊस ४ सेकंद, कौलं ७, पागोळ्या २०, ब्लॅकआऊटनंतरही चालू.